शेवटच्या रिळातलं वाक्य

माझी अम्मा पिक्चर ऐकायला जायची. आमच्या घरात तसंच म्हणत. ‘आज दुपारी ऐकायला चाललेय,’ असं ती अप्पांना सांगायची आणि अप्पा मशीनवरची मान न उचलता ‘बरं’ म्हणायचे. हे मी माझ्या पुण्याच्या सुनेला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, माझं मराठी चुकतंय. माझं मराठी चुकतंच. म्हैसुरात कितीतरी पिढ्या मुरलेलं मराठी आहे ते. त्यात कन्नड इतकं मिसळलंय की कुठला शब्द कुणाचा हे आम्हालाही सांगता येत नाही. पण हे एक वाक्य चुकलेलं नाही. अम्माच्या बाबतीत तेच खरं होतं.

मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाईचं दुकान होतं. शर्ट, शाळेचे गणवेश, लग्नसराईत एखादा सफारी. मागे आम्ही राहायचो आणि मधल्या खोलीत काज-बटणाचं काम चालायचं. तिथे दुपारी बायका येऊन बसत. त्यातल्या दोघी कायमच्या. एक सलमाबी, वयानं सगळ्यांत मोठी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. सुईत दोरा मी ओवून द्यायची आणि पुढचं ती बोटांनी करायची. दुसरी गिरिजा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती नवऱ्याचं घर सोडून आईकडे आलेली होती आणि परत जायचं की नाही यावर तिच्या घरात रोज भांडण व्हायचं. गिरिजा त्याबद्दल बोलायची नाही. काजं मात्र इतकी घट्ट घालायची की अप्पा म्हणायचे, हिच्या शर्टाला बटण लावताना गिऱ्हाइकाचा घाम निघेल.

दर आठवड्याला अम्मा मॅटिनीला जायची आणि दुसऱ्या दिवशी या खोलीत तो पिक्चर सांगायची. कथा आमच्या मराठीत, पण डायलॉग जसेच्या तसे कन्नडमधून, ज्याच्या त्याच्या आवाजात. सासू बोलायला लागली की अम्माचा ओठ एका बाजूला जायचा. वकील बोलायला लागला की ती कात्री हातात घ्यायची. पुढच्या खोलीत अप्पांच्या मशीनची खडखड चालू असायची, आणि डायलॉग आला की ती थांबायची. अप्पा स्वतः थिएटरात पाऊल टाकत नसत. एकादशीचं भजन आणि दुकान, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. पण पडद्यावर कोण कुणाला काय बोललं हे त्यांना सगळं पाठ होतं. सलमाबी डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी म्हणायची की सरसक्कानं दाखवलेला पिक्चर थिएटरातल्यापेक्षा स्वच्छ दिसतो. अम्माचं नाव सरस्वती. सगळा मोहल्ला तिला सरसक्का म्हणायचा.

मी दहावी झाल्यापासून तिच्याबरोबर जायला लागले. डबा न्यायचा, पण त्यात कुरकुरीत काही चालायचं नाही. चकली नाही, कोडबळी नाही, चुरमुरे तर नाहीच. शेंगा उकडून, घरीच सोलून न्यायच्या, कारण टरफलाचा आवाज होतो. मऊ इडली, गुळाचं होळिगे, म्हणजे आमची पुरणपोळी, केळं. एकदा पुढच्या रांगेतल्या माणसानं कागदाच्या पुडीतून काहीतरी चावायला सुरुवात केली तेव्हा अम्मानं त्याच्या खांद्यावर बोट ठेवून त्याला आमच्या डब्यातलं होळिगे दिलं आणि म्हणाली, हे खा, याला आवाज नाही. त्या माणसानं मुकाट्यानं खाल्लं. मी लाजेनं अर्धी झाले होते. आज कुणी मला विचारलं की निर्भयपणा म्हणजे काय, तर मला तो होळिगे धरलेला हात आठवतो.

मग आमचं थिएटर काही आठवडे बंद राहिलं आणि नवं होऊन उघडलं. भिंतींवर जागोजागी काळे स्पीकर लावलेले. बाहेर मोठा बोर्ड, की असा आवाज म्हैसुरानं आजवर ऐकलेला नाही. मालकाचे जावई बंगळूरहून येऊन मॅनेजर झाले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. पिक्चर सुरू झाला आणि माझ्या खुर्चीचं लाकूड थरथरायला लागलं. नायक दार उघडून आत आला तरी ढोल, आईनं ताट वाढलं तरी ढोल. दोघंजण झाडाखाली उभे राहून काहीतरी बोलत होते, फार महत्त्वाचं असावं, कारण दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण व्हायोलिनांची अशी लाट आली की त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. मुलं शिट्ट्या मारत होती. अम्मा पुढे वाकून, एक कान पडद्याकडे करून बसली होती. सगळा वेळ तशीच.

दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत बायका वाट बघत बसल्या. अम्मानं कथा सांगायला घेतली, झाडापर्यंत आली आणि थांबली. गिरिजा म्हणाली की सुम्ने काहीतरी सांगा अक्का, आम्हाला काय कळतंय. ‘सुम्ने’ म्हणजे उगीच, असंच. अम्माला ते लागलं. जे ऐकलं नाही ते मी सांगणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं आणि सुई हातात घेतली. त्या दुपारी पुढच्या खोलीतली मशीन एकदाही थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही अगदी मागे बसून पाहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मध्ये. कुठेही बसलं तरी गाणं आणि मारामारी अंगावर यायची, आणि माणसं बोलायला लागली की त्यांच्या तोंडावर कुणीतरी घोंगडं टाकल्यासारखं व्हायचं. अम्मा मॅनेजरकडे गेली. मी मागे उभी होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, पण उद्धटही बोलले नाहीत. हसून म्हणाले की आजी, आता जमाना असा आहे, आणि तुमच्या वयात एकदा कान तपासून घेतलेले बरे. अम्मा तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती.

ती खरंच कान तपासायला गेली. मोठ्या दवाखान्यात नंबर लावून, कानाला यंत्र लावून, टिक ऐकू आली की बोट वर करून. डॉक्टर हसले आणि म्हणाले, बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. हे तिनं घरी येऊन माधवला ऐकवलं. माधव माझा थोरला भाऊ, कॉलेजात होता, आणि मॅनेजर जे म्हणाले तेच तो घरात म्हणत होता. त्याला तो आवाज फार आवडायचा. ढोल छातीत वाजला पाहिजे, पिक्चर आता ऐकायचा नसतो, अनुभवायचा असतो, असं त्याचं म्हणणं.

‘मग ढोलासमोर जाऊन उभा राहा,’ अम्मा म्हणाली. ‘तिकीट कशाला काढतोस?’

त्याला ते काही पटलं नाही. मलाही त्या वयात त्याचं थोडं खरं वाटायचं. गाण्याच्या वेळी तो आवाज अंगात शिरायचा तेव्हा मजा यायची, हे मी नाकारत नाही. अम्माही नाकारत नव्हती. गाणं वाजवा की हवं तेवढं, ती म्हणायची. पण माणूस बोलतंय ना.

त्यानंतर एक पिक्चर आला. घरगुती, मारामारी जवळजवळ नाहीच, आणि बायकांनी तो डोक्यावर घेतला होता. अम्मानं ठरवलं की या वेळी सगळ्यांना घेऊन जायचं. सलमाबीनं नवी ओढणी घेतली. गिरिजा घरी न सांगता आली. आम्ही ओळीनं बसलो. गोष्ट साधी होती. एक बाई लग्न होऊन मोठ्या घरात येते, सगळ्यांचं करते, नवरा तिला वर्षानुवर्षं हाक मारताना नावसुद्धा घेत नाही. शेवटी एका सकाळी ती पिशवी भरते आणि निघते. नवरा दारात उभा. ती उंबऱ्यावर थांबते, वळते, त्याच्याकडे बघते आणि काहीतरी बोलते. त्याचा चेहरा पडतो. ती चालू लागते. पिक्चर संपतो.

ती काय बोलली, ते कुणालाही ऐकू आलं नाही. ती वळली तेव्हाच व्हायोलिनं सुरू झाली होती, तिनं तोंड उघडलं आणि नगारे आले. ओठ हलले. माझ्या शेजारी सलमाबी हळूच विचारत होती, क्या बोली, क्या बोली. तिला तर ओठही दिसले नव्हते.

दिवे लागले. लोक उठले. अम्मा उठली नाही. मी पिशवी उचलून उभी राहिले तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. गिरिजा आमच्याकडे बघून परत बसली. दारं उघडली, हॉल अर्धा रिकामा झाला, आणि जागा दाखवणारा बॅटरीवाला आमच्याकडे येऊन म्हणाला की चला, पुढचा शो आहे.

‘ती काय म्हणाली ते ऐकल्याशिवाय आम्ही उठणार नाही,’ अम्मानं सांगितलं.

त्याला कळेना. कोण काय म्हणाली, असं त्यानं विचारलं. अम्मानं पडद्याकडे बोट दाखवलं. ती. नवऱ्याला. दारात.

दाराशी पोचलेल्या दोन बायका हे ऐकून थांबल्या. त्यातली एक म्हणाली की तिनं त्याला क्षमा केली असणार, तिच्या डोळ्यांत तसंच होतं. दुसरी म्हणाली, छे, शाप दिला, म्हणून तर त्याचं तोंड तसं झालं. एका वयस्कर गृहस्थांनी ठामपणे सांगितलं की मुलांना न्यायला परत येईन असं ती म्हणाली; मग त्यांच्या बायकोनं विचारलं, तुम्ही ऐकलंत का, तर ते म्हणाले, ऐकलं नाही, पण तसंच असणार. थोड्या वेळात दहा-बारा माणसं खुर्च्यांमध्ये उभी राहून वाद घालत होती आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. वाद घालता घालता ती खाली बसली.

मॅनेजर आले. आधी समजुतीनं बोलले, दुसऱ्या दिवशीचे पास देतो म्हणाले. अम्मा म्हणाली, उद्याही ढोलच ऐकू येणार. मग ते आवाज चढवून म्हणाले की बाहेर लोक उभे आहेत, पोलिसांना बोलवावं लागेल. मी पिशवी पुन्हा उचलली. अम्मानं पदर नीट केला आणि अगदी शांतपणे त्यांना म्हणाली:

‘तुम्ही सांगा ती काय म्हणाली. लगेच उठतो आम्ही.’

पिक्चर मॅनेजरांच्या थिएटरात दोन आठवडे चालू होता. त्यांनी बॅटरीवाल्याकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यानं माझी भीती गेली ती कायमची गेली असं मला वाटतं. मॅनेजरांचा चेहरा मात्र लाल झाला होता आणि ते आता हट्टाला पेटणार हे दिसत होतं.

बाहेरच्या रांगेत माधव होता, मित्रांबरोबर. आत कुठल्या तरी बायका बसून राहिल्यात हे त्याला कळलं आणि त्या कोण असणार हेही त्यानं ओळखलं असावं. तो आत आला. कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, अम्मा, ऊठ, सगळे बघतायत. बघू दे, ती म्हणाली, तूही बस. तो बसला नाही. तसाच निघून गेला, आणि थोड्या वेळानं अप्पांना घेऊन आला.

अप्पा दुकानातून तसेच उठून आले होते. गळ्यात टेप, शर्टाला दोरे चिकटलेले. मॅनेजरांना हायसं वाटलं; घरचा पुरुष माणूस आला, आता हे संपेल. ते अप्पांना सगळं सांगायला लागले. अप्पांनी ऐकून घेतलं आणि आमच्या रांगेपाशी आले. अप्पा रागावले की मोठ्यानं बोलत नसत, फार हळू बोलत, म्हणून आम्हाला त्यांच्या हळू बोलण्याची भीती वाटायची.

‘काय म्हणाली ती?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘ऐकू आलं नाही,’ अम्मा म्हणाली.

अप्पांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळून खिशात ठेवला आणि अम्माच्या शेजारच्या खुर्चीत बसले. एवढंच केलं त्यांनी. माझ्या आठवणीत ते थिएटरच्या खुर्चीत बसलेले पहिल्यांदाच दिसले. माधव थोडा वेळ दारात उभा राहिला आणि मग मागच्या कुठल्यातरी रांगेत जाऊन बसला.

शेवटचं रीळ परत लावलं गेलं. बाहेरचे लोक आरडाओरडा करायला लागले होते म्हणून की मॅनेजरांनाही ते वाक्य ऐकायचं होतं म्हणून, मला माहीत नाही. आवाज इतका कमी केला होता की पंख्यांची घरघर ऐकू येत होती. बाई पिशवी भरत होती. साडीची घडी घातल्याचा आवाज आला, पिशवीच्या बंदाचा आवाज आला. हे आवाज त्या पिक्चरमध्ये आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं. ती उंबऱ्यावर थांबली. वळली. लांब कुठेतरी व्हायोलिन वाजत होतं. आणि ती, रोजच्या आवाजात, नवऱ्याला म्हणाली:

‘दूध तापत ठेवलंय. उतू गेलं तर तुमचं तुम्ही पुसा.’

आधी गिरिजा हसली. ती वर्षभर आमच्या खोलीत येऊन बसत होती, पण मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळ्या बायका हसायला लागल्या, पदर तोंडाशी धरून, एकमेकींना धक्के देत, आणि सलमाबी ते वाक्य तिच्या दख्खनी उर्दूत परत परत म्हणत होती. क्षमा म्हणणाऱ्या बाई शेजारणीला सांगत होत्या की हे तर शापापेक्षा वाईट आहे. अप्पा हसले नाहीत. त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं, आणि मग अम्माकडे. घरी गेल्यावर चूल कुणी पेटवली, दूध कुणी तापवलं, हे सांगितलं तर मी गोष्ट रचतेय असं वाटेल, म्हणून सांगत नाही.

मी आता म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीला राहते. इथून मॉल जवळ आहे आणि मुली मला कधी कधी पिक्चरला नेतात. मोठी म्हणते, कानात कापूस घाल. धाकटी म्हणते, घरीच बघ, खाली अक्षरं येतात. अक्षरं वाचायला मला पुस्तकं आहेत. गेल्या खेपेला मी गणवेशातल्या पोराला बोलावून आवाज कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, वरून सेट केलेला असतो, मॅडम. मी म्हटलं, मग वर जाऊन सांग. तो गेला. कमी झाला की नाही ते नक्की सांगता येत नाही, पण तो गेला. माझ्या मुलींना वाटतं की ही म्हातारपणाची चिडचिड आहे. पण मला तो पिक्चर आठवतो; त्यातल्या व्हायोलिनांच्या आणि नगाऱ्यांच्या लोकांना माहीतच नव्हतं की ते कशावर वाजवताहेत. त्यांना वाटलं, बाई रडत असणार. पन्नास वाद्यं तिच्यासाठी रडली आणि ती बिचारी दुधाबद्दल बोलत होती. कुणी तिला ऐकलं असतं तर एवढं वाजवायची गरजच पडली नसती.

थिएटरात पुढे काही महिने मॅटिनीला आवाज बेताचा असायचा, आणि मोठ्या नायकाचा पिक्चर आला की पुन्हा वाढायचा. अम्मा पुन्हा मॅनेजरांना सांगायला जायची. कधी ते ऐकायचे, कधी नाही. गिरिजाचा नवरा तिला न्यायला आला होता, आमच्याच दुकानाच्या पायरीवर. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, मशीन चालू होती. तो एकटाच परत गेला.

पण आम्ही थिएटरात बसून राहिलो त्या आठवड्यात आमच्या समाजात मात्र चर्चा झाली. विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन असायचं, आणि समाजाचे अध्यक्ष, उपरण्यातले, बोलण्यात मऊ, त्यांनी भजनाआधी अप्पांना बाजूला घेतलं. आपल्या बायकांनी थिएटरात बसून तमाशा केला, शहरात नाव झालं, सरस्वतीबाईंनी इथे देवासमोर एकदा चुकले म्हणावं, म्हणजे विषय संपला, असं ते म्हणाले. अप्पा म्हणाले, तिलाच विचारा. बायका खांबांच्या पलीकडे बसल्या होत्या. अध्यक्षांनी तिथूनच विचारलं. सगळं देऊळ ऐकत होतं.

अम्मा उभी राहिली. मला वाटलं, आता देवळात तरी ती मान खाली घालेल.

‘इथंही तेच आहे,’ ती म्हणाली. ‘नवा माईक आणल्यापासून मृदंगाखाली अभंगाचा एक शब्द ऐकू येत नाही. किती दिवस सांगायचं होतं.’

अध्यक्षांनी मृदंगवाल्याकडे पाहिलं. मृदंगवाल्याचे हात मृदंगावरच होते. अम्मा खाली बसली, टाळ हातात घेतले आणि माईक नाही, साथ नाही, तशीच गायला लागली. तिचा आवाज काही फार गोड नव्हता. पण शब्द न् शब्द गाभाऱ्यापर्यंत जात होता. पहिल्या ओळीला ती एकटी होती. दुसऱ्या ओळीला मी गायला लागले, मग खांबापलीकडच्या सगळ्या. तिसऱ्या ओळीला मृदंगवाल्यानं हळूच, अगदी बोटांच्या टोकांनी, आमच्या मागून वाजवायला सुरुवात केली.